पंखे फिरतात, दिवे लागतात, मग डिस्प्ले का येत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ला नेहमीचे मोफत अपडेट देणं थांबवलं. घरोघरी आठ-दहा वर्षं राबलेले डेस्कटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. मग नवा पीसी घेणं आलं. नागपुरात अनेकांसाठी नवा पीसी म्हणजे अजूनही असेंबल केलेलाच: प्रोसेसर ऑनलाइन मागवलेला, कॅबिनेट आणि एसएमपीएस बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं, ग्राफिक कार्ड कुणा मित्राकडून जुनं घेतलेलं. इंजिनिअरिंगला असलेलं घरातलं पोट्टं व्हिडिओ बघत बघत सगळं जोडतं आणि बटण दाबतं. पंखे फिरतात, रंगीबेरंगी दिवे लागतात आणि मॉनिटर म्हणतो, 'नो सिग्नल'.

"चालू तं होऊन राहिला, डिस्प्लेच नाही येऊन राहिला" हे वाक्य कॉम्प्युटरच्या दुकानात उभं राहिलं की हमखास कानावर पडतं. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "कार्ड गेलं असंल." कधी ते खरंही असतं. पण डिस्प्ले ही पीसी सुरू होताना जवळजवळ शेवटी येणारी गोष्ट आहे. तिच्या आधीच्या कुठल्याही टप्प्यावर काही अडलं तरी बाहेरून दिसतं ते एकच, काळा पडदा. त्यामुळे कोणता पार्ट बदलायचा हा प्रश्न नंतरचा. आधी शोधायचं ते चित्र नेमकं कुठपर्यंत पोचलं आणि कुठं अडलं.

## चित्र येतं कुठून

नळाला पाणी आलं नाही की आपण तोटी बदलायला धावत नाही. शेजारी विचारतो, टाकी बघतो, मोटर बघतो. पेंच धरणाचं पाणी गोरेवाड्याला शुद्ध होतं, वस्तीतल्या टाकीत चढतं, गल्लीतल्या लाइनमधून घरात येतं. कुठंही अडलं तरी नळ कोरडाच. चित्राचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याचा आहे.

बटण दाबलं की एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज पीसीला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणारा डबा, मदरबोर्डाला, म्हणजे सगळे पार्ट ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डाला वीज देतो. बोर्डावरच्या चिपमध्ये कायमचा साठवलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला बायॉस म्हणतात. तो प्रोसेसर तपासतो, रॅम तपासतो, मग ग्राफिक, म्हणजे चित्र तयार करणारी चिप शोधतो. या हजेरीला पोस्ट असं नाव आहे. हजेरी पूर्ण झाली की ग्राफिक चिप पहिलं चित्र तयार करते, बहुधा बोर्ड कंपनीचा लोगो. ते पोर्टमधून केबलमध्ये आणि केबलमधून मॉनिटरमध्ये जातं.

यात एक उलटा निरोपही असतो. मॉनिटर त्याच केबलमधून पीसीला कळवतो की मी अमुक कंपनीचा, मला इतकं रिझोल्यूशन चालतं, सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलता येतं. ही माहिती नीट पोचली नाही तर ग्राफिक कार्ड अंदाजानं काहीतरी पाठवतं, किंवा काहीच पाठवत नाही. सगळं धडधाकट असूनही केवळ केबलपायी पडदा काळा राहतो तो बऱ्याचदा यामुळे.

## काळेपणाचेही प्रकार आहेत

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा.

मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागतच नसेल, तर विषय मॉनिटरच्या विजेचा आहे. प्लग, अडॅप्टर, भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण. पीसीला हात लावायचं कारण नाही. दिवा लागला, 'नो सिग्नल' असा मजकूर आला आणि मग मॉनिटर झोपला, तर मॉनिटर जिवंत आहे. त्याच्याकडे काही येत नाहीये, किंवा तो भलत्याच पोर्टवर वाट बघतोय. मॉनिटरचं बटण दाबून इनपुट स्वतः निवडा. आपोआप ओळखण्याच्या सोयीवर फार भरवसा ठेवू नका. पीसी सुरू व्हायला वेळ घेत असेल तर मॉनिटर सगळे पोर्ट चाचपून तोवर झोपून जातो.

तिसरा प्रकार फसवा. मजकूर नाही, पण पडदा मिट्ट काळाही नाही. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. अंधूक चित्र किंवा मेनू दिसला तर सिग्नल पोचतोय, पडद्यामागचा उजेड तेवढा गेलाय. हे काम मॉनिटर दुरुस्त करणाऱ्याचं.

पीसी जिवंत आहे का, हे पडद्याशिवायही कळतं. कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर पोस्ट बहुधा पार पडली आहे आणि अडचण ग्राफिकपासून पुढं आहे. दिवा ढिम्म असेल तर गाडी त्याआधीच अडली आहे. या एका चाचणीनं अर्धा रस्ता बाजूला पडतो.

## "केबल तं बरोबर लावली आहे"

लावली असेल, पण कुठं? कॅबिनेटच्या मागं चित्राचे पोर्ट दोन जागी असतात. वर उभ्या पट्टीत, यूएसबी आणि ऑडिओच्या शेजारी, ते मदरबोर्डाचे. खाली आडवे असतात ते ग्राफिक कार्डाचे. कार्ड बसवलं असेल तर केबल खालच्या पोर्टात जायला हवी. बहुतेक बोर्ड कार्ड दिसलं की वरचा रस्ता आपणहून बंद करतात. बायॉसमध्ये तो उघडा ठेवायची सोय असते, पण बायॉसमध्ये जायलाही डिस्प्ले लागतोच.

आता उलट बाजू. कार्ड घेतलंच नाही, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टला मॉनिटर जोडला. बोर्डावर पोर्ट आहे म्हणजे चित्र येईलच, असं वाटणं साहजिक आहे. पण ते पोर्ट नुसतं दार आहे, चित्र बनवणारी चिप प्रोसेसरच्या पोटात असते आणि ती प्रत्येक प्रोसेसरमध्ये नसते. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ अक्षर आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो तो त्यासाठीच. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) गणित वेगळं आहे. तिथं रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक आहे. साध्या ५६०० आणि ५६००एक्स मध्ये नाही. २०२२मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेपासून साध्या प्रोसेसरमध्येही कामापुरतं ग्राफिक आलं, पण ७५००एफ सारख्या एफवाल्यांत नाही.

बिलावर 'आय५ बारावी पिढी' एवढंच लिहून देणारे दुकानदार आहेत. पैसे देण्याआधी डब्यावरचं पूर्ण मॉडेल वाचा, शेवटच्या अक्षरासकट. एफवाला प्रोसेसर, कार्ड नाही, आणि डिस्प्ले येत नाही म्हणून दोनदा बदलून आणलेला मदरबोर्ड, हा प्रकार होतो, आणि त्यात बोर्डाचा काही दोष नसतो.

कन्व्हर्टरचंही एक सांगून टाकतो. जुना मॉनिटर व्हीजीएचा असतो. ती १९८७ची, आयबीएमच्या काळातली जोडणी. नवीन कार्डांवर ती मिळत नाही. एचडीएमआयमधून व्हीजीए करायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती तारांची केबल चालत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच केबली एकाच दिशेनं चालतात. डिस्प्लेपोर्टच्या कार्डाला एचडीएमआयचा मॉनिटर साध्या केबलनं जमतो. एचडीएमआयच्या कार्डाला डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर त्याच केबलनं जमत नाही. दोन्ही टोकं घट्ट बसतात, म्हणून लोकांना वाटतं काम होईल.

## "पण पंखे तं फिरून राहिले ना"

पंखा फिरायला १२ व्होल्ट पुरतात. त्याला प्रोसेसर लागत नाही, रॅम लागत नाही. दिव्यांचंही तसंच. त्यामुळे पंखे आणि दिवे एवढंच सांगतात की एसएमपीएस सुरू झालं. नवीन जोडलेल्या पीसीत खरा घोळ बहुतेक वेळा इथंच, पोस्टच्या टप्प्यात असतो, म्हणून इथं जरा थांबू.

पहिली जागा: प्रोसेसरची वीज. बोर्डाला २४ पिनांचा मोठा प्लग लागतो, तो कुणी विसरत नाही. पण प्रोसेसरसाठी बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनांचा वेगळा प्लग असतो. तो विसरला तर सगळे पंखे व्यवस्थित फिरतात आणि बाकी काहीही होत नाही. कॅबिनेटच्या वरच्या कडेपाशी हात जात नाही, केबल आखूड पडते, म्हणून "नंतर लावतो" म्हणून तो राहतो. याच्यासारखाच दिसणारा ८ पिनांचा प्लग ग्राफिक कार्डाचा असतो. दोघांची आतली जोडणी वेगळी आहे, जोर लावून एकमेकांच्या जागी बसवू नका. आणि ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात, त्याला दुसऱ्या कंपनीच्या केबली कधीही लावू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असतं, डब्याकडचं नसतं. भलत्या पिनेवर भलते व्होल्ट गेले तर पार्ट जळतात.

दुसरी जागा: रॅम. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे चित्र असतंच. रॅम पूर्ण बसली की कडेची पकड 'टक' करून बसते. काही बोर्डांवर पकड एकाच बाजूला असते, आणि दुसरी बाजू अर्धवट वर राहिलेली वरून बघून कळत नाही. शंका असेल तर एकच रॅम ठेवा, पुस्तिकेत एकट्या रॅमसाठी दिलेल्या स्लॉटमध्ये. नाही आला डिस्प्ले तर दुसरी रॅम त्याच जागी लावून बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे धीर. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचे पीसी, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटचे, पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी कोणत्या वेगानं आणि किती व्होल्टवर नीट बोलता येईल हे चाचपून बघतात. यात काही मिनिटं जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा काळा, पंखे सुरू. तिसऱ्या मिनिटाला घाबरून बटण दाबून बंद केलं की चाचपणी पुन्हा पहिल्यापासून. चहा ठेवा, दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका.

एवढ्यानं नाही झालं तर बोर्ड स्वतः काय म्हणतो ते ऐका. हल्लीच्या अनेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं. हजेरी ज्याच्यापाशी अडली त्याचा दिवा पेटून राहतो. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक. बूटचा दिवा असेल तर चित्राचा संबंध नाही, हार्डडिस्क किंवा एसएसडीत विंडोज सापडत नाहीये. अशा वेळी पडद्यावर काहीतरी यायलाच हवं, येत नसेल तर केबल आणि पोर्ट पुन्हा तपासा. स्वस्त बोर्डावर हे दिवे नसतील तर बोर्डाला लावायचा छोटा स्पीकर मिळतो, गोळीएवढा. त्याच्या शिट्ट्यांचा अर्थ पुस्तिकेत दिलेला असतो. हा स्पीकर आता कॅबिनेटसोबत येत नाही, आणि का येत नाही हे मला कधीच पटलेलं नाही. रंगीत दिव्यांच्या पट्टीपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

सीपीयूचा दिवा पेटला की लोक घाबरतात. त्यात प्रोसेसर जळाला असण्यापेक्षा दोन शक्यता आधी बघाव्यात. एक, वर सांगितलेला ८ पिनांचा प्लग. दोन, बायॉस जुना असणं. बोर्ड दुकानात पडून असताना नवा प्रोसेसर बाजारात येतो. बोर्ड त्याला ओळखत नाही. एएमडीच्या जुन्या बी४५० चिपसेटच्या बोर्डांवर रायझन ५००० मालिका टाकताना हे सर्रास व्हायचं. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हनं बायॉस नवा करायचं बटण असतं. नसेल तर दुकानातून करून घ्या, आणि विकत घेतानाच विचारा.

बायॉसमध्ये कुणीतरी रॅमचा वेग वाढवला आणि तेव्हापासून डिस्प्ले गेला, असं असेल तर बायॉस मूळ स्थितीत आणावा लागतो. वीज पूर्ण बंद करा, प्लग काढा, बोर्डावरची नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी काढून काही मिनिटं थांबा, परत लावा. जुन्या पीसीत हीच ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते, तेव्हा नवीच टाका.

## रॅम घासण्याचं काय?

नागपुरात काय, महाराष्ट्रात कुठंही डिस्प्ले गेला की पहिला सल्ला हाच: रॅम काढ, खोडरबरनं घास, परत लाव. तो अडाणी सल्ला नाही. मार्च ते जून इथल्या घरात कूलर चालतो, खोलीत दमट हवा आणि खिडकीतून येणारी धूळ असते, त्यामागून पावसाळा. रॅमच्या पिवळ्या पट्ट्यांवर थर बसतो आणि जोड कच्चा होतो. घासल्यानं तो थर निघतो, आणि रॅम काढून घट्ट बसवल्यानंच निम्मं काम होतं, श्रेय खोडरबरला मिळतं.

पण खोडरबरचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीन दुखणं. पट्टीवरचा सोन्याचा मुलामाही फार पातळ असतो, पुन्हा पुन्हा घासायची वस्तू नाही ती. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर सुती कापडानं पुसा, वाळू द्या. आणि कालच डब्यातून काढलेली रॅम घासण्यात काहीच अर्थ नाही.

उन्हाळ्यात हवा कोरडी असेल तेव्हा अंगावर स्थिर वीज साचते. पार्ट हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

## चित्र येतं, पण धड नाही

इथं एक युक्ती फार कामाची आहे. पडद्यावर रेघा, ठिपके, रंगांचे तुकडे दिसत असतील तर कीबोर्डवरून स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवरही घाण दिसली, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय: कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल, तर ते कार्डातून निघाल्यावर, म्हणजे पोर्ट, केबल किंवा मॉनिटरमध्ये बिघडतंय. त्यापुढं मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, पीसीचा त्यात हात नसतो. उभी रेघ मेनूलाही चिरत जात असेल तर पॅनेल गेलं. मेनू स्वच्छ असेल तर केबल बदला.

बायॉसच्या लोगोतच रेघा आहेत की विंडोज आल्यावर येतात, हेही बघा. लोगोतच असतील तर ड्रायव्हरला दोष देता येत नाही, कारण तो अजून सुरूच झालेला नसतो.

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्डाशी कसं बोलायचं ते शिकवणारा प्रोग्राम. लोगो नीट दिसतो आणि विंडोज येताना पडदा काळा होतो, तेव्हा संशय त्याच्यावर. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. मग विंडोज आणि पी दाबून बघा, चित्र दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाठवायचं ठेवलंय का ते. टीव्हीला जोडून सिनेमा बघितल्यानंतर हे नेहमी होतं. तरी नाही, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज गरजेपुरत्याच गोष्टींवर सुरू होतं त्या अवस्थेत जाऊन जुना ड्रायव्हर काढायचा आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा टाकायचा. जुनं एनव्हिडिया काढून एएमडी लावलं असेल तर ही सफाई करावीच.

केबलचं गणित सोपं आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे जवळपास २० लाख ७४ हजार ठिपके. सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ३ अब्ज बिट. फोरकेला ठिपके चौपट, म्हणजे १२ अब्ज. एचडीएमआय १.४ची क्षमता १०.२ अब्ज बिट, त्यातलीही काही सिग्नलच्या बांधणीतच जाते. म्हणून जुन्या पोर्टवर फोरके सेकंदाला ३० वेळाच दिसतं, आणि माउस जड वाटतो. २०१३च्या एचडीएमआय २.०ची क्षमता १८ अब्ज, तिथं ६० वेळा जमतं. कार्ड, केबल आणि मॉनिटर या तिघांत जो सर्वांत दुबळा, त्याचा वेग मिळतो.

याच्या उलट तक्रारही असते: १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतला, फरक काहीच नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'त जाऊन बघा, बहुधा तो ६०वरच ठेवलेला असतो. अक्षरं धूसर दिसत असतील तर रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ मापाचं आहे का बघा. टीव्ही जोडला असेल आणि कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या चित्र-मेनूत आकाराची सेटिंग असते, ती 'जस्ट स्कॅन' किंवा तत्सम करा.

## गेम लावला की पडदा जातो

साधं काम दिवसभर नीट चालतं आणि गेम सुरू होताच पडदा काळा, पंखे एकदम जोरात. हे दुखणं विजेचं किंवा उष्णतेचं.

बोर्डाचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. पुढची भूक ६ पिनांच्या प्लगनं ७५ आणि ८ पिनांच्या प्लगनं १५० वॅट अशी भागवायची असते. हलक्या दर्जाचं एसएमपीएस डब्यावर मोठा आकडा लिहितं आणि ओढ वाढली की कोसळतं. नव्या महागड्या कार्डांवर १६ पिनांचा बारीक प्लग असतो, ६०० वॅटपर्यंतचा. तो शेवटपर्यंत बसलाय याची खात्री करा. २०२२मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे हे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे एक कारण पुढं आलं. आणि घरचा यूपीएस बघा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट उचलतो. लाइट गेली की गेमसकट सगळं बंद पडतं ते यूपीएस खराब म्हणून नव्हे, तो तेवढ्यासाठी बनलेलाच नाही.

उष्णतेचं नागपुरात वेगळं सांगायला नको. मे २०२४च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. हवामान खात्यानं तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. पण ४५ अंशांच्या आसपासचा उन्हाळा हे इथलं नेहमीचं वास्तव आहे. हवेनं थंड होणारा कुठलाही पार्ट खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली १० अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. जानेवारीत ७० अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात ८५ला जातं, स्वतःचा वेग कमी करतं, आणि आत धूळ असेल तर हातच टेकतं. विंडोज कार्डाकडून उत्तरासाठी २ सेकंद थांबतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. पडदा क्षणभर जाऊन परत येतो तो हा प्रकार. उन्हाळ्याआधी ब्लोअरनं धूळ काढा, पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवा गार लागते खरी, पण तिच्यासोबत पाण्याचे बारीक तुषारही येतात.

कूलर किंवा मिक्सर सुरू-बंद केला की पडदा सेकंदभर काळा होतो, ही तक्रारही ऐकू येते. मोटरचं बटण दाबताना लाइनमध्ये झटका येतो आणि हलक्या केबलचं कवच तो अडवू शकत नाही. सिग्नल तुटतो, मॉनिटर तो पुन्हा पकडतो. पार्ट शाबूत असतात. चांगली, आखूड केबल लावा, पीसीचा प्लग कूलरच्या बोर्डावरून काढून दुसऱ्या बोर्डावर न्या, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते आजच करा.

## "दुकानदार म्हणतो, कार्डच गेलं"

असेलही. त्याला एकच विचारा: माझं कार्ड दुसऱ्या चालू पीसीत लावून बघितलं का, आणि चालू कार्ड माझ्या पीसीत लावून बघितलं का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर मान्य करा. एकच असेल तर निकाल अजून लागलेला नाही. माझ्या पीसीत चालत नाही म्हणजे दोष एसएमपीएस, स्लॉट किंवा बायॉसमध्येही असू शकतो.

घरी हेच करायचं तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक असल्यास कार्ड पूर्ण काढा आणि बोर्डाच्या पोर्टला मॉनिटर जोडा. आला डिस्प्ले तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर, केबल, मॉनिटर एका फटक्यात निर्दोष. नाही आला तर कमीत कमी सामान ठेवा: बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस. हार्डडिस्क, पुढचे यूएसबी, रंगीत पट्ट्या सगळं काढा. बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून चालवला आणि डिस्प्ले आला, तर बहुधा आत कुठंतरी जास्तीचा पितळी खांब (ज्यांवर बोर्ड कसतात त्यातला) बोर्डाच्या पाठीला टेकत होता. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चालू झाल्यावरही कशानं झाला ते कळणार नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज राहू शकते.

वॉरंटीतलं कार्ड असेल तर सिरीयल नंबरच्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो काढून मगच दुकानात द्या. कार्ड उघडून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. आणि जुनं कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच पीसीत, जड गेम किमान अर्धा तास चालवून बघा, कार्डाचे सगळे पोर्ट एकेक करून तपासा, मग पैसे द्या. नुसता डेस्कटॉप दिसतोय एवढ्यावर घेतलेलं कार्ड घरी आल्यावर पहिल्याच गेमला काळं पडलं, तर तो पैसा परत येत नाही.